विरजणाचं भांडं कुणी घासतं का? : मास्तरांना आभाराचं पत्र

मास्तर,

सप्रेम नमस्कार.

नाव घालू नको अशी तंबी तुम्ही आधीच दिलीत, म्हणून नुसतं मास्तर. कोल्हापुरातली आमची सगळी पेठ हेच म्हणते. तुम्ही वर्गावर कधी उभे राहिला नाहीत, उभी नोकरी शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुण्यात गेली, हे तुम्हीच हसत हसत सांगता. माशांच्या टाकीचा फिल्टर म्हणजे काय हे तुम्ही मला शिकवलंत, त्याचे तोंडानं आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून आज हे पत्र चारचौघांत लिहितोय.

२०२१ च्या सुरुवातीची गोष्ट. शाळा बंद, पोरगी घरात कंटाळलेली. तिच्यासाठी काचेची टाकी आणली आणि त्यात चार गोल्डफिश सोडले. टाकी २ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे ३ घनफूट, साधारण ८५ लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर जेमतेम ७०. हा हिशेब मी तेव्हा केलाच नव्हता. टाकीबरोबर एक फिल्टर मिळाला आणि "सगळं स्वच्छ ठेवा" एवढा सल्ला मिळाला.

पहिला दीड महिना कामाच्या गडबडीत फिल्टरला हात लागला नाही. मासे ठणठणीत. मग एका रविवारी मला लाज वाटली. उद्यमनगरात लेथवर मायक्रॉन मोजणारा माणूस मी, आणि घरात असला काळा चिखल झालेला स्पंज? फिल्टर मोरीत नेला. स्पंज नळाखाली धरून कपड्याच्या ब्रशनं खसाखसा घासला. फिल्टरमधल्या सिरॅमिकच्या रिंगा गरम पाण्यात टाकल्या. खडी तांदळासारखी धुतली, टाकीतलं सगळं पाणी उपसलं, नवं भरलं. संध्याकाळी टाकी अशी चकाचक दिसत होती की फोटो काढून पाव्हण्यांना पाठवले.

मंगळवारी पाणी ताकासारखं झालं. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. बुधवारी एक गेला. मला वाटलं, घाण राहिली असेल, म्हणून पुन्हा सगळं धुतलं! शुक्रवारी दुसरा गेला. तेव्हा मी जाऊन मोठा फिल्टर आणला. खोक्यावर छापलेलं, ताशी १२०० लिटर. पंपाचे सुटे भाग करण्यात आयुष्य गेलं, मोठा आकडा बघितला की आमची छाती फुगते. त्या झोतात उरलेले दोन मासे टाकीच्या कोपऱ्यात, महाद्वार रोडच्या गर्दीत हात सुटलेल्या पोरांगत, अंग चोरून थरथरत राहिले.

पोरगी जिन्यात बसून रडत होती आणि तुम्ही भाजीची पिशवी घेऊन चालला होता. तिला काय झालं विचारलंत आणि पिशवीसकट वर आलात.

माझ्या नव्या फिल्टरकडं तुम्ही बघितलंसुद्धा नाही. घरी जाऊन दोन छोट्या बाटल्या आणि एक काचनळी घेऊन आलात. नळीत टाकीतलं पाणी घेतलं, थेंब मोजून टाकले आणि खिडकीपाशी धरून उभे राहिलात. "पिवळं राहिलं तर बरं. हिरवं झालं तर अमोनिया." पाच मिनिटांत नळी शेवग्याच्या पाल्यासारखी हिरवीगार झाली. मग विचारलंत, "फिल्टर नळाखाली धुतलास व्हय?" मी अभिमानानं हो म्हणालो. तुम्ही म्हणालात, "लेका, विरजणाचं भांडं घासून ठेवलंस आणि वर म्हणतोस दही का लागंना?"

मास्तर, तोवर मला फिल्टर म्हणजे चहाची गाळणी वाटत होती. कचरा अडवायचा, काढून टाकायचा. मासे कल्ल्यांवाटे पाण्यात अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजूनही तोच होतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही, हे मला कोण सांगणार? स्पंजच्या भोकाभोकांत, रिंगांच्या खरबरीत अंगावर जिवाणू राहतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषच. दुसरी जात त्याचं नायट्रेट करते, जे मासे बऱ्यापैकी सोसतात आणि आपण पाणी बदलून काढून टाकतो. नव्या टाकीत ही वस्ती बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणजे मी हात लावला नाही त्या दीड महिन्यात ती गुपचूप बसली होती, आणि एका रविवारी मीच ती क्लोरीनच्या पाण्यानं आणि ब्रशनं उठवली. पाणी पांढुरकं झालं तेही मळानं नाही, पाण्यात मोकाट वाढलेल्या दुसऱ्या जिवाणूंनी.

त्या संध्याकाळी तुम्ही पुन्हा आलात ते प्लॅस्टिकच्या पिशवीत तुमच्या टाकीतला जुना स्पंज घेऊन. काळपट, बुळबुळीत, ओलाकंच. त्याच दिवशी फरशी पुसलेली, आणि दारापासून टाकीपर्यंत तपकिरी थेंबांची रांग लागली. बायकोनं जे बघितलं तुमच्याकडं! मासे मरायला टेकलेत आणि हा माणूस आणखी घाण आणून आत टाकतोय, असं तिला वाटलं. नंतर तिनंच कबूल केलं. तुम्ही तो माझ्या फिल्टरच्या तोंडाशी बसवलात, निम्मं पाणी बदलायला लावलंत, दोन दिवस खाणं बंद केलंत आणि रोज संध्याकाळी येऊन नळी उजेडात धरलीत. दहा-बारा दिवसांनी रंग पिवळाच राहिला. पोरीनं टाळ्या वाजवल्या. तुम्ही नुसतं "बरं हाय" म्हणालात आणि अर्धा कप चहा घेऊन गेलात. पैशाचं नाव काढलं तेव्हा रागावलात, तेही लक्षात आहे.

फिल्टर निवडायची वेळ आली तेव्हा मात्र माझी खरी फजिती झाली. मला सात-आठ हजारांचा कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा डब्याचा फिल्टर, घ्यायचा होता. तुम्ही दहा लिटरची बादली मागवलीत आणि त्या १२०० वाल्याचा पाइप दीड फूट वर धरून मला घड्याळ लावायला सांगितलंत. बादली भरायला ५५ सेकंद लागले. म्हणजे ताशी साडेसहाशे. "तू पंपवाला ना? हेड म्हंजे काय मीच सांगू?" हेड म्हणजे पाणी जेवढं वर चढवायचं ती उंची. खोक्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा, पाणी वर चढवायचं नसतानाचा, आत स्पंज, रिंगा भरल्या आणि मळ साचला की तो उतरणारच. गिऱ्हाइकांना मी हेच रोज समजावतो, आणि स्वतःच्या घरात खोक्याला भुललो.

तुमचा हिशेब सोपा होता. टाकीतल्या पाण्याच्या ४ ते ६ पट पाणी दर तासाला फिल्टरमधून जावं. माझ्या ७० लिटरला साडेतीनशे-चारशे पुरे. गोल्डफिश घाण जास्त करतात आणि खोक्यावरचा आकडा फुगीर असतो, म्हणून पाचशेचा. काचेवर अडकवायचा एक साधा फिल्टर आणि जोडीला हवेवर चालणारा स्पंज फिल्टर, एवढंच घ्यायला लावलंत. एक बंद पडला तर दुसऱ्यात वस्ती शिल्लक. फिल्टरमधला कोळसा रोज लागत नाही, औषध दिल्यावर ते पाण्यातून काढायला घालायचा, हेही तेव्हाच कळलं. आणि चार गोल्डफिश पुन्हा आणायचे नाहीत हे बजावलंत: "फिल्टर मोठा घेतला म्हणून टाकी मोठी हुत न्हाई." (तो १२०० वाला परत घेतला गेला नाही. आमच्या लेथच्या कूलंटच्या टाकीत तो अजून इमानानं फिरतोय.)

देखभालीत मला सगळ्यात गंमत वाटते ती इंपेलरची, म्हणजे फिल्टरमधलं पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाची. पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी हरखून गेलो. मोटरच्या बाहेर येणारा शाफ्टच नाही, म्हणजे ग्लँड नाही, सील नाही, गळतीचा प्रश्नच नाही. वायंडिंग रेझिनमध्ये पक्कं बंद आणि लोहचुंबकाचा रोटर थेट पाण्यात फिरतोय. पाती मात्र सरळ. आमच्या पंपांना वळणदार पाती असतात, ही सरळ का? दुपारभर विचार केला तेव्हा उमगलं की ही छोटी मोटर सुरू होताना उजवीकडं फिरेल की डावीकडं याचा नेम नसतो, म्हणून पाती दोन्हीकडून सारखी. फिल्टर घरघरायला लागला की नवा घ्यायची घाई करू नये. बटण बंद करून रोटर काढावा, त्यावरची बुळबुळ जुन्या टूथब्रशनं पुसावी, पुन्हा बसवावा. दहातल्या नऊ वेळा आवाज जातो.

बाकी रविवारचा कार्यक्रम तुम्ही घालून दिलात तोच. टाकीतलं चौथा हिस्सा पाणी बादलीत काढायचं आणि स्पंज त्याच पाण्यात दोन-तीनदा पिळायचा, तोही प्रवाह मंदावला असेल तरच. रिंगा नुसत्या हलवायच्या. स्पंज आणि रिंगा एकाच दिवशी कधी नाही. नवं पाणी अँटीक्लोरीन टाकूनच, कारण पंचगंगेचं असो की २०२३ च्या दिवाळीत आलेलं काळम्मावाडी धरणाचं, नळाचं पाणी क्लोरीन घेऊनच येतं. एकदा महिनाभर पाणी बदलायची टाळाटाळ केली तर काचा शेवाळानं हिरव्या झाल्या. तेव्हा तुम्ही म्हणालात, रंकाळा तलावात सांडपाणी गेलं की तिथंही हेच हुतं, तुझी टाकी त्याचंच पिल्लू.

आणि जुलै २०२१. पंचगंगा पात्राबाहेर, उपसा केंद्रं पाण्यात, नळ कोरडे, आमच्या गल्लीत लाईट गेलेली. माझ्या डोक्यात पिण्याच्या पाण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. तुमच्या घरापासून चार घरांवर पाणी आलेलं, तरी तुमचा फोन आला: "फिल्टर बंद पडला न्हवं? आतलं सगळं काढ आणि टाकीत सोड." बंद डब्यात हवा संपते, जिवाणू मरतात, आणि लाईट आल्यावर ती सगळी सड एका झटक्यात माशांवर येते. मी स्पंज आणि रिंगा टाकीत टाकल्या. हवेच्या नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तुम्हीच बसवायला लावला होता, नाहीतर लाईट जाताच पाणी उलटं येऊन फरशीवर सांडलं असतं. खाणं बंद. टँकरच्या रांगेतून आलेलं पाणी माणसांना. पोरगी आणि मी तासातासानं तांब्यानं टाकीतलं पाणी वर घेऊन उंचावरून आत सोडत होतो. रात्री दीड वाजतासुद्धा बॅटरीच्या उजेडात त्या पाण्याचा आवाज चालू होता. दोन्ही मासे वाचले. मोठे झाले, तळव्याएवढे, आणि मग तुमच्याच ओळखीनं मोठ्या टाकीच्या घरी नांदायला गेले. आता आमच्याकडं गप्पी आहेत, तुमच्याच गच्चीवरल्या टबातले.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एका पोरानं टाकी आणली. मी माझ्या स्पंजाचा अर्धा तुकडा कापला, पिशवीत घातला आणि त्याच्या घरी गेलो. त्याची आई नुकती फरशी पुसून उठली होती. थेंबांची रांग बघून तिनं माझ्याकडं जे बघितलं, ते बघणं माझ्या ओळखीचं होतं. मला तिथंच हसू फुटलं.

तर मास्तर, येत्या रविवारी जेवायला या. तांबडा-पांढरा दोन्ही आहे. मटणाचाच बेत आहे; या घरात मासे शिजवायचे नाहीत, असा पोरीचा २०२१ पासूनचा हुकूम आहे, आणि तो मोडायची कुणाची छाती नाही.

आपला,
उद्यमनगरातला टर्नर