डेमलो संख्येविषयी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या कोणीतरी तुला ‘चमत्कार’ म्हणून पाठवली आणि त्यात गणित किती व नजरबंदी किती, असे तू विचारलेस. संख्या मोठी खरी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातील स्थाननावांनी मोजली तर तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी, परार्धाच्या एकच घर अलीकडे बसतो. पण तिचे गुण दोन जातींचे आहेत, काही तिचे स्वतःचे आणि काही आपण ती दशमान पद्धतीने लिहितो म्हणून दिसणारे.

ती १११११११११ चा, म्हणजे नऊ एकांच्या संख्येचा वर्ग आहे. उभा गुणाकार मांडलास तर नऊ ओळी येतील, सगळ्या एकांच्या, आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एक एकक पडतो, दुसऱ्यात दोन, असे वाढत मधल्या रकान्यात नऊ आणि पुढे पुन्हा एकेक कमी. कुठेही हातचा येत नाही, म्हणून रकान्यांची मोजदाद हेच उत्तर ठरते. दहा एक घेतलेस की मात्र मधल्या रकान्याची बेरीज दहा होते. शून्य मांडून हातचा एक डावीकडे जातो, तिथल्या नवाचे दहा होतात, पुढच्या आठाचे नऊ, आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या रांगेतला आठ गेला! बारा हा पाया धरून, म्हणजे दहाऐवजी बाराबाराच्या गटांनी मोजून लिहिले असते, तर हीच रांग अकरा एकांपर्यंत टिकली असती.

अवयवांचे तसे नाही. १११११११११ म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७, त्यामुळे तिच्या वर्गात ३ हा अवयव चार वेळा, ३७ आणि ३३३६६७ दोन-दोन वेळा येतात, आणि विभाजक ५ × ३ × ३ म्हणजे ४५ होतात. पाया कोणताही घे, हे ४५ तसेच राहतील.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, ज्यांचे नाव पुढे ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे सर्वदूर झाले, यांनी अशा संख्यांना ‘डेमलो’ म्हटले, कारण ही कल्पना त्यांना जी. आय. पी. रेल्वेच्या डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर सुचली. त्यांची अट अशी, की संख्येचे तीन भाग पाडावेत, मधल्या भागात एकच अंक असावा आणि दोन्ही टोकांची बेरीज त्याच अंकाची बनावी; जसे १६५ मध्ये १ + ५ = ६. आपल्या संख्येत १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९ आणि मध्ये ९. याला निव्वळ अंकांची करमणूक म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला ते पटत नाही, कारण या बेरजेमागे कारण आहे. हीच संख्या १२३४५६७९ × ९९९९९९९९९ अशीही लिहिता येते, म्हणजे १२३४५६७९ पुढे नऊ शून्ये ठेवून त्यातून १२३४५६७९ वजा करायचे. वजाबाकीत डावा भाग एकाने घटून १२३४५६७८ होतो, उजवा, मधला ९ धरून, ९८७६५४३२१, आणि जे एकीकडे घटले ते दुसरीकडे भरून निघाल्याने दोहोंची बेरीज नऊ नवांचीच येते.

आता अकरा एकांचा वर्ग तू स्वतः मांड. हातचे कोणत्या रकान्यापर्यंत जातात आणि डावीकडे आठ परत येतो का, ते सवडीने कळव.

तुझा,
माधव