चौघांचा तपास खबरीवर सोडू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत कॅनडातल्या ‘अश्रूंच्या महामार्गा’वरचा लेख वाचला. प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रूपर्ट या सुमारे ७२० किलोमीटरच्या, जिथे अनेक मुली-बायका बेपत्ता झाल्या किंवा मारल्या गेल्या अशा रस्त्याविषयी मराठीत कुणी लिहिलं याचं समाधान वाटलं. मी प्रिन्स जॉर्जमध्येच राहते. लेखात एक कुटुंब मात्र राहून गेलं. त्यात लेखकाचा दोष नाही, कारण ते पोलिसांच्या यादीतच नाही. २००५ मध्ये सुरू झालेल्या पोलिसांच्या ‘ई-पाना’ तपास पथकाने १९६९ ते २००६ या काळातली १८ प्रकरणं हाती घेतली, ती सगळी मुली-बायकांची. अख्खं घरच नाहीसं झालं, तर ते या यादीत बसत नाही.

हे आदिवासी जॅक कुटुंब. नवरा-बायको दोघंही २६ वर्षांची, मुलगे ९ आणि ४ वर्षांचे. ऑगस्ट १९८९ च्या पहिल्या रात्री नवऱ्याला पबमध्ये एक माणूस भेटला. लाकूडतोडीच्या कॅम्पवर काम आहे, बायकोलाही स्वयंपाकघरात हाताशी घेतील, मुलांना सांभाळायची सोय आहे, असं त्याने सांगितलं. हातावर पोट असलेल्या घराला याहून जास्त काय हवं? रात्री दीडच्या सुमाराला नवऱ्याने आपल्या आईला फोन करून ही बातमी कळवली. त्यानंतर चौघांपैकी कुणाचाही पत्ता नाही.

त्या माणसाचं वर्णन पोलिसांकडे आहे. धिप्पाड, गोरा, पस्तीस ते चाळीसचा, तांबूस दाढी, डोक्यावर टोपी, लाल चौकड्यांचा शर्ट, आणि कामाच्या बुटांवर पुढे चामड्याची झालर. बुटांची झालरसुद्धा कुणाच्या तरी लक्षात राहिली होती, तरी तो माणूस कोण हे ठरलं नाही. १९९६ च्या जानेवारीत याच महामार्गावरच्या व्हँडरहूफ गावच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला: कुटुंब एका रँचच्या दक्षिणेकडच्या टोकाला पुरलं आहे. रँच कुणाचा, नेमकं तेच नाव ऐकू येत नाही. पुढे २०१९ च्या ऑगस्टमध्ये व्हँडरहूफजवळच्या साइकुझ या आदिवासी वस्तीत एका जागेवर खोदाई झाली. हाती काही लागलं नाही.

फाइल बंद केलेली नाही, हे खरं आहे. खोदाई केली हेही चांगलं केलं. पण खबर आली की हलायचं, नाही आली की थांबायचं, याला मी फेरतपास म्हणणार नाही. त्या काळी कॅम्पवर राबणारी माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. मजुरी कुणी वाटली, कॅम्पचा कंत्राटदार कोण, गाडी कुणाची, हे सांगू शकणारी माणसं वर्षागणिक कमी होत चालली आहेत. त्यांच्या दारी आत्ताच जायला हवं.

आणि जाताना एकटं वर्दीतल्या माणसाने जाऊ नये. इथून फार लांब नसलेली लेजॅकची निवासी शाळा १९७६ पर्यंत चालू होती. आदिवासींची पोरं आईबापांपासून तोडून अशा शाळांत नेली जात, आणि पळून आलेल्यांना धरून न्यायला पोलीसच येत. त्या पिढीतली आजी वर्दीसमोर तोंड उघडणार नाही, स्वतःच्या माणसांशी बोलेल. तपासात वस्तीतली जाणती माणसं, डाकेल्ह ही इथली आदिवासी भाषा बोलणारी माणसं पहिल्या दिवसापासून हवीत.

हे कुटुंब चेस्लाटा समाजातलं. १९५२ मध्ये केनी धरणासाठी या लोकांना घाईघाईने घरांतून उठवलं आणि पुढे त्यांच्या पूर्वजांच्या थडग्यांवरून पाणी गेलं. धरणग्रस्त म्हणजे काय, हे कोयनेच्या मुलखातल्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको. अशा माणसांना आपल्या चौघांची निदान माती तरी मिळावी, एवढंही त्यांच्या वाट्याला येऊ नये, याचा मला संताप येतो.

बेपत्ता आणि खून झालेल्या आदिवासी स्त्रियांविषयीच्या राष्ट्रीय चौकशीचा अहवाल जून २०१९ मध्ये आला. त्यात २३१ मागण्या आहेत. मागणी ९.९ अशी की, न उलगडलेली सगळी प्रकरणं तपासायला आणि गरज पडल्यास नव्याने तपास करायला स्वतंत्र राष्ट्रीय पथक नेमावं, आणि देता येण्याजोगी सारी माहिती घरच्यांना द्यावी. ही मागणी पुरुष आणि मुलग्यांनाही लागू व्हायला हवी. नाहीतर या घरातल्या चौघांपैकी एकटी आईच तिच्यात बसेल.

ब्रिटिश कोलंबियात मराठी मंडळी पुष्कळ आहेत आणि अनेकांना मतदानाचा हक्क आहे. मंडळांनी गणेशोत्सवाच्या सभेत हा विषय घ्यावा, आपापल्या खासदाराला पत्र पाठवावं. नमुन्याचं पत्र मी लिहून देईन. आपल्या पुरवणीत ९.९ ही मागणी पूर्ण मराठीत छापलीत, तर ते काम सोपं होईल.

– एक वाचक, प्रिन्स जॉर्ज, कॅनडा