केर तोलावाच लागतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात याच सदरात एका वाचकांनी लिहिलं होतं की, शहरातल्या रस्त्यांवरची धूळ हटत नाही आणि शास्त्रज्ञ लाखो प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकांतली, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या समूहांतली, धूळ मोजत बसलेत, त्याचा उपयोग काय? रस्त्यांबद्दल त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. आमच्या घराचा ओटा दिवसातून तीनदा पुसावा लागतो. पण धूळ मोजण्यावरून त्यांनी जे लिहिलं ते मनाला लागलं, कारण माझं उभं आयुष्य त्याच कामात गेलं.

मी कोल्हापूरच्या गुजरीतला, म्हणजे सराफ पेठेतला, सोनार. तेराव्या वर्षी वडिलांच्या हाताखाली बसलो, पुढे एकेचाळीस वर्षं साज आणि ठुशा घडवल्या. साजाचं पान कानशीने घासताना सोन्याचा जो कीस पडतो तो चकाकत नाही, मातकट दिसतो. नवशिक्याला तो केरच वाटतो. थोडा मांडीवरच्या कातड्यात पडतो, थोडा जमिनीवर, थोडा नखांत अडकतो. हात धुतलेलं पाणीसुद्धा आम्ही मोरीत सोडत नसू. संध्याकाळी वडील बजावायचे, "केर तोलल्याबिगर केरसुणी दाराभाईर न्यायची न्हाई." मग कधीतरी झारेकरी यायचा, साठलेला केर विकत घ्यायचा, आणि तो जाळून, धुऊन, पारा फिरवून त्यातलं सोनं काढायचा. गिऱ्हाइकाने दिलेलं सोनं, झालेला दागिना आणि घट यांचा मेळ बसला नाही की वडिलांना जेवण जात नसे.

आकाशातली मोजदाद मला याच हिशोबासारखी वाटते. तिथे म्हातारे तारे धूळ टाकतात, आणि ती किती हे तोलायचं असतं. आपल्या आकाशगंगेत आपण स्वतःच धुळीच्या आत बसलोय. कुठला तारा जवळचा, कुठला लांबचा, हेच आधी ठरत नाही. शेजारच्या बटू, म्हणजे लहानखुऱ्या, दीर्घिका मात्र बाहेरून पुऱ्या दिसतात. एका दीर्घिकेतले सगळे तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर, म्हणून जो तेजस्वी दिसतो तो खरोखरच तेजस्वी. आणि एकेक तारा वेगळा मोजता येईल इतक्या त्या जवळ आहेत. मॅगेलन मेघ या अशाच दोन शेजारच्या दीर्घिका: मोठा मेघ सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर, लहान मेघ सुमारे २ लाखांवर. दोन्ही दक्षिणेचे, कोल्हापुरातून मोठा मेघ क्षितिजाच्या जेमतेम तीन-चार अंश वर येतो, म्हणजे आपल्याला दिसत नाहीच.

खगोलशास्त्रज्ञ हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्याला 'धातू' म्हणतात, अगदी प्राणवायूलाही. सोनाराला हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यांचा कस असा लागतो: मालात हे 'धातू' किती, तेवढा कस. लहान मॅगेलन मेघाचा कस सूर्याच्या साधारण पाचवा हिस्सा, कित्येक बटू दीर्घिकांचा त्याहून कमी. विश्व कोवळं असताना सगळीकडे असाच हलका माल होता. एवढ्या हलक्या मालातून धूळ तयार होते का, हा खरा प्रश्न होता.

धूळ प्रकाश अडवते हे कोल्हापूरकराला सांगायला नको. अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवात महाद्वारातून आलेली मावळतीची किरणं हवेतल्या धुळीने आणि बाष्पाने वाटेतच मंदावतात, हे आपण दर वर्षी बघतो. पण तारा आपल्याच धुळीत झाकला गेला तरी ती धूळ तापते. शेगडीतल्या निखाऱ्यावर राख चढली की तो दिसत नाही, हात धरला की धग लागते. अवकाशात असा हात धरला तो नासाच्या स्पिट्झर दुर्बिणीने, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात. ती २००३ साली गेली. २००९ मध्ये तिचं थंड ठेवणारं हेलियम संपलं आणि ३.६ व ४.५ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) या दोनच तरंगलांबी कामाच्या उरल्या. जानेवारी २०२० पर्यंत ती त्यांवर राबली. मोडक्या हत्याराने नेटकं काम करणाऱ्याची किंमत कारागिराला कळते.

या दोन तरंगलांबींवर 'डस्टिंग्ज' नावाच्या पाहणीत जवळच्या ५० बटू दीर्घिका तपासल्या गेल्या. प्रत्येकीची छायाचित्रं काही महिन्यांच्या अंतराने दोनदा घेतली, कारण धूळ टाकणारे म्हातारे तारे शेकडो दिवसांच्या लयीत फुगतात, आकसतात आणि त्यांचं तेज बदलतं. त्यातून असे ५२६ धूळभरले तारे हाती लागले. त्यांतले १२ अशा दीर्घिकांत आहेत जिथला कस सूर्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी! हे कसं जमतं? असा तारा आपला कार्बन स्वतःच पोटात तयार करतो. तो वर येतो, प्राणवायूशी जोडी जमवून उरलेला कार्बन बाहेरच्या गार वायूत काजळीसारखा धरतो. म्हणजे वडिलोपार्जित काही नसतानाही तो धूळ देऊ शकतो. प्राणवायू उरला तर सिलिकेट, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या जातीची धूळ, पण त्यासाठी लागणारं सिलिकॉन आधीच्या ताऱ्यांकडूनच यावं लागतं.

तरीही हिशोब जुळलेला नाही. मॅगेलन मेघांत जेवढी धूळ दिसते तेवढी या म्हाताऱ्या ताऱ्यांनी टाकलेल्या धुळीत भरत नाही. उरलेली कुठून आली? २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मेघात फुटताना दिसलेल्या ताऱ्याभोवती युरोपच्या हर्शेल या अवकाश दुर्बिणीला २०११ मध्ये सूर्याच्या साधारण निम्म्या वस्तुमानाची धूळ आढळली. शिवाय काही कण वायूतच वाढत असावेत. माझ्या वडिलांनी असा फरक सोडून दिला नसता, शास्त्रज्ञांनीही सोडलेला नाही. सूर्य, पृथ्वी, अंबाबाईच्या देवळाचा काळा पाषाण, हे सगळं जुन्या ताऱ्यांच्या अशाच वायूतून आणि धुळीतून आलंय. त्याचा जमाखर्च मांडणं हा वायफळ उद्योग नाही.

पत्रलेखकांना माझं मनापासून आमंत्रण आहे. दिवाळीनंतरच्या अंधाऱ्या पंधरवड्यात आम्ही काही जण पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर आठ इंची दुर्बीण लावतो. रात्री आठ-नऊच्या सुमारास देवयानी हा तारकासमूह माथ्याच्या उत्तरेला असतो. तिथल्या मोठ्या दीर्घिकेच्या बाजूला एक पुसट, लांबट डाग आहे, एम ११०. ही बटू दीर्घिका पंचवीस लाख प्रकाशवर्षांहून दूर. सरळ रोखून बघितलं तर हरवते, नजर थोडी बाजूला नेली की उमटते. तिच्यातही धुळीचे काळे ठिपके आहेत. आमच्या दुर्बिणीतून ते दिसत नाहीत, पण मोठ्या दुर्बिणीतलं छायाचित्र मी सोबत आणतो. कानटोपी मात्र आणा, पठारावर वारा फार असतो.

आपला,
गुजरीतला एक निवृत्त सोनार,
कोल्हापूर