दाढेचं फोनवर सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितेय

प्रिय आई-बाबा,

नमस्कार. त्या रविवारी मी फोन उचलला नाही आणि नंतर नुसता "झोपले होते" असा मेसेज टाकला, ते खरं नव्हतं. दाढ ठणकत होती, तोंड उघडत नव्हतं, आणि व्हिडिओवर माझा सुजलेला गाल बघून आई तू दोन रात्री जागून काढल्या असत्यास. आता मी बरी आहे, म्हणून सगळं लिहितेय.

खालची डावी दाढ. दोन महिने थंड पाणी लागलं की कळ यायची, मी त्या बाजूने चावणंच सोडून दिलं आणि कामाच्या गडबडीत डॉक्टरकडे जायचं राहूनच गेलं. शनिवारी रात्री 9 नंतर ठणका सुरू झाला तो पार कानापर्यंत. घरात एकही गोळी नाही. इथे म्युनिकमध्ये सुपरमार्केट रात्री 8 ला बंद म्हणजे बंद, आणि उघडं असतं तरी उपयोग नव्हता कारण आयबुप्रोफेनसारखी दुखण्यावरची साधी गोळीसुद्धा फक्त आपोटेकेत म्हणजे मेडिकलमध्येच मिळते. रात्री पाळीपाळीने ठरावीक मेडिकल चालू असतात, त्यातलं जवळचं शोधून ट्रामने गेले. दार बंद, बाजूला बेल. बेल दाबली की दारातली छोटी खिडकी उघडते आणि आतल्या बाई काय होतंय ते विचारतात. आयबुप्रोफेन 400 दिली, रात्रीचे 2.50 युरो जास्त घेतले आणि उपाशीपोटी घेऊ नका असं दोनदा बजावलं, अगदी आईसारखं.

रविवारी इथे ड्युटीवरचे डेंटिस्ट सकाळी 10 ते 12 आणि संध्याकाळी 6 ते 7 एवढाच वेळ दवाखान्यात बसतात. मी पावणेदहालाच दारात. एक्स-रे काढला, भूल दिली, दाढ उघडून आतला पू काढला आणि तो ठणका असा उतरला की खुर्चीतच मला रडू आलं. त्या डॉक्टरबाई एक शब्द न बोलता टिश्यू हातात देऊन थांबल्या. इन्शुरन्सचं कार्ड दाखवलं, पैसे काहीच द्यावे लागले नाहीत. पुढचं रूट कॅनाल नेहमीच्या डॉक्टरकडे दोन वेळा जाऊन झालंय, आता कॅप बसवायची. त्याची आधी इन्शुरन्सकडून मंजुरी घ्यावी लागते आणि साध्या कॅपच्या ठरलेल्या खर्चाचे 60 टक्के ते देतात. दरवर्षी चेकअपला जाऊन बोनसहेफ्ट नावाच्या छोट्या वहीत शिक्का घेतला तर सलग 5 वर्षांनी 70 टक्के आणि 10 वर्षांनी 75 टक्के. मी तीन वर्षांत एकदाही गेले नव्हते, आता पहिला शिक्का घेतलाय आणि पुढच्या वर्षीची तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवलीय.

आता खाण्याचं, आई, तुला तेच विचारायचं असणार. रविवारी इथे दुकानं बंदच असतात, म्हणून शनिवारी दोन दिवसांचं सामान भरायची सवय लागलीय, त्याने वाचवलं. खीर करायचा मिल्शराइस नावाचा आखूड तांदूळ मिळतो, जास्त पाणी घालून शिजवला की आपल्या आंबेमोहोरासारखा मऊ होतो, तो वास मात्र नाही. त्यावर तू दिलेलं मेतकूट, मीठ आणि तूप. चार दिवस दोन्ही वेळा तेच खाल्लं आणि पाचव्या दिवशीही तेच हवं होतं. तूप मी घरीच कढवते, इथलं बिनमिठाचं लोणी 250 ग्रॅमच्या पाकिटात मिळतं, त्यातली तीन पाकिटं घेते आणि बेरी तांबूस झाली की लगेच गॅस बंद. तू तूप किंवा पेढे पाठवू नकोस, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत, एअरपोर्टवर सापडलं तर टाकून देतात आणि तुझी मेहनत फुकट जाते. पीठ इंडियन दुकानातूनच आणते, इथल्या 405 नंबरच्या पिठाच्या पोळ्या मैद्यासारख्या वातड होतात. कोथिंबीर आणि भेंडी टर्किश दुकानात छान मिळते. आणि बाबा, इथे पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट डिपॉझिट असतं, रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये टाकल्या की चिठ्ठी येते आणि ती बिलातून वजा होते. तुम्ही माळ्यावर बाटल्या साठवता ना, दर वेळी तुमचीच आठवण येते.

बाबा, आता तुमचं. गणपतीत व्हिडिओवर तुम्ही जेवत होतात तेव्हा मी बघत होते. भाकरी आमटीत पूर्ण भिजवून उजव्या बाजूनेच चावत होतात, पूर्वी तर कडक भाकरी लागायची तुम्हाला. विचारलं तर "वयाचं आहे" म्हणालात. वयाचं नाही हो ते, मी पण दोन महिने एकाच बाजूने चावत होते. त्यात तुम्हाला शुगर आहे, शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात ठेवणं अवघड जातं, म्हणून तुम्ही थांबूच नका. या आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडे जाच. शुगरचा शेवटचा रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या, डॉक्टरांना आधीच दाखवा. आई तू सोबत जा, ते एकटे गेले तर "काही नाही म्हणाले" एवढंच घरी येऊन सांगतील. पैशांचं बघू नका, मी पाठवतेय.

एक्स-रेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, मी शनिवारी फोन करते. आणि आई, मेतकुटाची बरणी तळाला गेलीय, इकडे कुणी येत असेल तर अर्धा किलो दे.

तुमची,
मनू