मंत्रीसाहेब, नवीन लोककला भवन नको, आहे ते पत्र्याचं थिएटर नीट करा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार,

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला, शाहू महाराजांच्या काळातलं, १९१५ चं थिएटर, सरकारने लगेच पैसे जाहीर केले, बरोबरच केलं. पण पुणे-सोलापूर रोडने जाताना कधी चौफुल्याला नाहीतर मोडनिंबला गाडी थांबवा, किंवा तिकडे जामखेडला जा. तिथली संगीतबारीची, म्हणजे लावणीच्या पार्ट्या रोज रात्री आळीपाळीने नाचतात-गातात ती थिएटरं पण थिएटरंच आहेत हो, वर पत्रा आहे म्हणून कुणी मोजत नाही एवढंच. नवीन लोककला भवन बांधण्यापेक्षा हीच दुरुस्त करा.

ढोलकीफडाचा तमाशा दसऱ्याला बाहेर पडतो, गावोगावच्या जत्रा करतो, त्यांचं स्टेज ट्रकमधूनच फिरतं. संगीतबारीचं तसं नाही, एकाच थिएटरात नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायकांच्या बऱ्याच पार्ट्या, मागच्या खोल्यांत राहायचं, तिथेच रियाज, तिथेच पोरी म्हाताऱ्या बायकांसमोर बसून बैठकीची लावणी अदा करायला शिकतात, आणि आपली बारी आली की पुढे स्टेजवर. म्हणजे थिएटर पडलं की घर पण गेलं आणि शाळा पण. लावणी गाणाऱ्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ ला पद्मश्री दिली, तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने सरकार पुरस्कार देतं, सगळं छान, पण ही कला चालते त्या जागेकडे बघायला फक्त पोलीस येतात, लायसन तपासायला. स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली होती त्यातनं सुद्धा ही माणसं तरली, आता गळक्या पत्र्याने मरायची वेळ आणू नका.

दुरुस्ती म्हणजे काय ते पण सांगतो, कारण कॉन्ट्रॅक्टरच्या हातात दिलं की तो पहिल्यांदा लाकडी फळ्या उखडून टाइल्स बसवणार आणि बाहेर कमान बांधणार. साहेब, पायात जड चाळ बांधून रोज रात्री फरशीवर नाचलं की गुडघे जातात, आणि फळीवर जो ठेका घुमतो तो टाइलवर मेला तरी येत नाही. फळ्या ठेवा, कुजल्यात तेवढ्याच बदला. पत्र्याखाली सीलिंग करा, पाऊस लागला की ढोलकीच ऐकू येत नाही. वायरिंग सगळं नवीन, कोल्हापूर बघितलंय आपण. आणि बायकांना नीट संडास-बाथरूम, खरं तर हे पहिलं लिहायला पाहिजे होतं.

थिएटर खाजगी मालकाचं आहे म्हणून निधी बसत नाही असं खात्यातले लोक म्हणतील. मग मालकाशी करार करा ना, पैसे सरकारचे, पण पार्ट्यांना बाहेर काढायचं नाही आणि भाडं वाढवायचं नाही, आणि कमिटीत नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायका पाहिजेत, नुसते सरपंच आणि अध्यक्ष नकोत.

एक शेवटचं, पाहणीला इंजिनियर पाठवाल तर दुपारी नका पाठवू, रात्री बारी चालू असताना पाठवा, कुठली फळी ढिली आहे ते त्याला बायकाच नाचून दाखवतील.

आपला,
सोलापूर रोडवरचा एक लावणीवेडा