पदकाच्या रंगासोबत वेळही छापा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

२०२६ च्या सप्टेंबरात जपानमध्ये आयची-नागोया इथे आशियाई क्रीडा स्पर्धा आहेत. म्हणजे पहिल्या पानावर रोज ती चौकट येणार : सुवर्ण, रौप्य, कांस्य, एकूण, आणि भारत कितवा. २०२३ मधल्या हांगझाऊच्या आशियाई स्पर्धांच्या वेळी ती १०७ वर जाऊन थांबली, त्यात २८ सुवर्ण, आपण चौथे, गावभर पेढे. दहाच महिन्यांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सहा पदकं आणि ७१वा क्रमांक, की लगेच सूतक. आमच्या महालातल्या चहाच्या टपरीवर तर एकच विषय होता : "पाकिस्तान बासष्टावा अन् आपण एकाहत्तरावे, काय अर्थ आहे जी सर?" त्यांचं पदक एकच होतं, पण सोन्याचं, आणि तालिका आधी सोनं मोजते, हे सांगता सांगता माझा चहा गार व्हायचा.

मी निवृत्त क्रीडाशिक्षक. सवय अशी जडली आहे की निकाल हातात आला की नजर आधी वेळेच्या रकान्याकडे जाते, आणि आपल्या अंकात नेमका तोच रकाना नसतो.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत. हांगझाऊला त्याने सुवर्ण जिंकलं, वेळ ८ मिनिटं १९.५० सेकंद. पॅरिसच्या अंतिम फेरीत तो ८ मिनिटं १४.१८ सेकंदांत धावला आणि अकरावा आला. पाच सेकंदांहून जास्त लवकर पोहोचला, तरी ओळ छापून आली ती 'साबळेकडून निराशा' अशा थाटाची! या शर्यतीच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत पोहोचणारा तो पहिला भारतीय पुरुष, हे आत कुठेतरी एका वाक्यात. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हाच पोरगा ८:११.२० अशी वेळ देऊन रौप्य घेऊन आला होता, सुवर्णापासून अवघा पाच शतांश सेकंद मागे. आता या तिन्ही वेळा एकाखाली एक मांडा आणि कोणती स्पर्धा किती कठीण ते वाचकालाच ठरवू द्या. नीरज चोप्राचंही तेच. टोकियोत ८७.५८ मीटरला सोनं, पॅरिसला ८९.४५ मीटरला चांदी, आणि बातमीत शब्द कोणता, तर 'हुकलं'.

पण आकडे छापले की दर वेळी खेळाडूची बाजू सावरली जाते असंही नाही, उलट काही ठिकाणी कान पकडता येतो. पुरुषांच्या चार गुणिले चारशे रिले संघाने २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत २ मिनिटं ५९.०५ सेकंदांचा आशियाई विक्रम केला होता. पॅरिसला त्यांना तीन मिनिटांच्या आत येता आलं नाही आणि ते प्राथमिक फेरीतच बाद झाले. इथे स्पर्धा कठीण होती ही सबब चालत नाही, कारण स्वतःच्याच वेळेपेक्षा ते मागे पडले. वेटलिफ्टर मीराबाई चानूनेही पॅरिसला १९९ किलो उचलले आणि कांस्य गेलं २०० किलोला. टोकियोत तिने २०२ उचलले होते. तेव्हा दुखावं ते हे, तालिकेतला एकाहत्तरावा नंबर नव्हे.

आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेचं उदाहरण तर घरचंच आहे. हांगझाऊला तिरंदाजीत तीन सुवर्णपदकं, त्याआधी बर्लिनला जागतिक अजिंक्यपद, अंतिम सामन्यात दीडशेपैकी दीडशे गुण. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या यादीत त्याचं नाव शोधणारे मला भेटले. पोरगा फॉर्ममध्ये नाही का, असं विचारायचे. तो कंपाऊंड, म्हणजे टोकांना कप्प्या असलेलं धनुष्य वापरतो आणि ऑलिम्पिकमध्ये तोवर फक्त रिकर्व्ह, म्हणजे बिनकप्प्यांचं धनुष्य होतं. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदा येते आहे. हांगझाऊच्या आणि पॅरिसच्या चौकटी शेजारी शेजारी ठेवून 'घसरण' म्हणण्याआधी एवढं तरी वाचकाला कळायला हवं ना?

जागा नसते, असं आपण म्हणाल. पण रणजीचा अंतिम सामना जामठ्याला झाला तेव्हा आपणच पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ कसा जिंकला, हे रकानेच्या रकाने समजावून सांगितलंत. कोणी किती षटकं टाकली, किती निर्धाव, सगळं. 'विदर्भ प्रथम, केरळ द्वितीय' एवढ्यावर भागवलं असतंत, तर दुसऱ्या दिवशी कार्यालयासमोर गर्दी जमली असती.

जिल्हा शालेय मैदानी स्पर्धांचा निकाल मात्र नेमका तसाच छापला जातो. प्रथम, द्वितीय, तृतीय, शाळेचं नाव, आणि पाहुण्यांच्या हस्ते बक्षीस. पाहुण्यांची नावं चार ओळी. पोराने शंभर मीटर किती सेकंदांत काढलं याचा पत्ता नाही. वेळ घेतलेली असते हो! आम्ही टाइमकीपर शेवटच्या रेषेशी पायऱ्यांच्या घोडीवर बसतो, नजर शंभर मीटर लांबच्या पिस्तुलावर, आणि धूर दिसला की घड्याळ दाबतो. बार कानावर येईतो थांबलं तर पाव सेकंदाहून जास्त खोट येते. इतकं जपून घेतलेली वेळ तक्त्यात लिहिली जाते, तक्ता कपाटात जातो, आणि व्हॉट्सॲपवरून वार्ताहराला पोहोचतात ती नुसती नावं. काटोलच्या पोरीची आणि उमरेडच्या पोरीची उडी किती सेंटिमीटरने कमी-जास्त, हे दोघींच्या प्रशिक्षकांना अंकातून कळलं तर दोघी पुढच्या वर्षी कशाच्या मागे लागायचं ते ठरवतील. आज दोघी आपापल्या तालुक्यात 'प्रथम' आहेत आणि खूश आहेत.

तेव्हा विनंती दोनच. नागोयाच्या चौकटीखाली रोज आपल्या चार-पाच खेळाडूंची त्या दिवसाची कामगिरी आणि त्यांची स्वतःची सर्वोत्तम कामगिरी, एवढं छापा. आणि यंदाच्या जिल्हा स्पर्धांच्या निकालात कंसात वेळ नि अंतर द्या. वार्ताहराला सवड नसेल, तर स्पर्धेच्या संध्याकाळी तक्ता सुवाच्य अक्षरात उतरवून मी स्वतः आपल्या कार्यालयात आणून देतो. फक्त किती वाजेपर्यंत चालेल तेवढं कळवा.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
महाल, नागपूर