घरगुती खत संच: बादली एका पद्धतीची, कल्चर दुसऱ्या पद्धतीचे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: भोके असलेल्या बादलीसोबत बोकाशी (हवाबंद भांड्यात कचरा आंबवण्याच्या) पद्धतीचा कोंडा दिल्याबद्दल तक्रार, साहित्य बदलून अथवा पूर्ण रक्कम परत मिळणेबाबत

स.न.वि.वि.

आमच्या सोसायटीच्या गच्ची-बाग गटाने 12 घरांसाठी आपले 20 लिटरचे खत संच घेतले. सगळ्याच बादल्यांची गत सारखी झाली आहे. वरच्या थरावर हिरवी-काळी बुरशी, मधल्या थरात अळ्या, तळाशी काळा चिखल आणि सडक्या अंड्याचा वास. ‘ओला कचरा जास्त टाकला असेल’ हे आपल्या प्रतिनिधीचे फोनवरचे उत्तर आम्हाला मान्य नाही. दोष संचाच्या रचनेतच आहे.

संचातील पुडी बोकाशीची आहे. गव्हाचा कोंडा, गूळ आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू, असे आपणच तिच्यावर छापले आहे. हे जिवाणू हवाबंद भांड्यात कचरा आंबवतात. आम्लता वाढली की कुजवणारे जंतू मागे हटतात आणि कचरा सडत नाही, लोणच्यासारखा मुरतो. त्यासाठी भांडे बंदिस्त हवे, झाकणाला रबरी वायसर हवा आणि प्रत्येक थर दाबून त्यातली हवा काढायला हवी. आपल्या बादलीला मात्र चहूबाजूंनी 8 मिमीची भोके आहेत आणि झाकण नुसते वर ठेवायचे आहे. हवा आत येत राहिली की आंबवण बिनसते. शिवाय 8 मिमीच्या भोकातून चिलटेच काय, मोठ्या माश्याही आत शिरून अंडी घालतात. भोकांना आतून बारीक जाळीसुद्धा नाही.

बरे, भोकांची बादली हवेशीर पद्धतीसाठी आहे असे धरावे, तर त्या पद्धतीचे साहित्य संचात नाही. हवेवर खत करायचे तर कर्ब-नत्राचे (कार्बन-नायट्रोजनचे) प्रमाण 25 ते 30 ला 1 आणि ओलावा 50 ते 60 टक्के लागतो. भाजीपाल्याच्या देठा-सालींत नत्र आणि पाणी दोन्ही जास्त असते, म्हणून दर थरावर सुका पालापाचोळा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालावे लागते आणि दोन-तीन दिवसांनी ढीग खालीवर करावा लागतो. आपल्या माहितीपत्रकात सुक्या पाल्याचा उल्लेखच नाही. उलट ‘दाबून भरा, हलवू नका’ असे लिहिले आहे. ही सूचना बोकाशीची. या बादलीत ती पाळली की कडेला हवा आणि गाभ्यात गुदमरलेला लगदा, असे दोन्हीकडचे नुकसान होते.

तोटीचा दोष तर मोजून दाखवता येतो. बादलीचा आतला व्यास 28 सेंमी आहे आणि तोटी तळापासून 4 सेंमी वर बसवली आहे. म्हणजे जवळपास अडीच लिटर पाणी कधीच बाहेर येत नाही. तळाशी गाळणीची ताटली नसल्याने खालचा कचरा त्याच पाण्यात बुडून सडतो आणि वास तिथूनच सुटतो. तोटीही साली-बियांनी तुंबते.

माहितीपत्रकातील दोन वाक्ये तातडीने काढावीत. ‘15 दिवसांत तयार खत’ हे चूक आहे. बोकाशीतून पंधरवड्यानंतर निघते ते आंबवलेले, आम्लधर्मी साहित्य. ते मातीत मिसळून आणखी तीन-चार आठवडे ठेवावे लागते, नाहीतर मुळे करपतात. ‘तोटीचे पाणी थेट झाडांना घाला’ हे त्याहून घातक आहे. ते पाणी 100 पट पातळ केल्याशिवाय कुंडीत घालू नये आणि सडका वास येत असेल तर मुळीच घालू नये.

पुडीवर उत्पादनाचा महिना-वर्षही नाही. जिवंत कल्चरच्या बाबतीत ही साधी चूक नव्हे.

आमची मागणी अशी. आपल्याला बोकाशी संच द्यायचा असेल, तर बिनभोकांची, वायसर असलेल्या झाकणाची, तळाशी तोटी आणि तोटीच्या वर गाळणीची ताटली असलेली बादली द्यावी. एक बादली मुरत असताना दुसरी भरावी लागते, म्हणून प्रत्येक घरामागे अशा दोन बादल्या हव्यात. हवेशीर संच द्यायचा असेल, तर आहे त्या बादलीला जाळी, पुडीऐवजी तयार खताचे विरजण आणि पुरेसे धुतलेले कोकोपीट द्यावे. धुतलेले एवढ्यासाठी की न धुतलेल्या कोकोपीटमधील क्षार खतात उतरतात. दोन्ही शक्य नसेल तर 12 संचांची पूर्ण रक्कम परत करावी आणि संच स्वखर्चाने उचलून न्यावेत.

बिलाची प्रत, पुडीवरील बॅच क्रमांक, तोटीच्या उंचीची मोजपट्टी लावून काढलेली छायाचित्रे आणि माहितीपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवू आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष वस्तू व दिशाभूल करणारी जाहिरात या मुद्द्यांवर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

कळावे,

गच्ची-बाग गटातर्फे
(12 संचधारकांच्या सह्या सोबत)